जोडीदाराची हिंसा आणि दवाखान्यातला प्रश्न

जिव्हाळ्याच्या नात्यातील एकाने दुसऱ्याला शारीरिक, लैंगिक, मानसिक किंवा आर्थिक इजा करणे, आणि त्या इजेच्या किंवा तिच्या भीतीच्या जोरावर त्याचे वागणे आपल्या ताब्यात ठेवणे, याला जोडीदाराची हिंसा म्हणतात. नाते लग्नाचे आहे की नाही, दोघे एका छपराखाली राहतात की नाही, यावर ही व्याख्या अवलंबून नाही. दोन पुरुषांच्या नात्यालाही ती तशीच लागू पडते. महाविद्यालयात शिकणाऱ्या समलिंगी मुलांच्या बाबतीत मात्र अशी हिंसा घरी सांगितली जात नाही, पोलिसांपर्यंत जात नाही आणि महाविद्यालयाच्या कानावरही येत नाही. ती बाहेर आलीच तर जखमेच्या निमित्ताने दवाखान्यात येते. तिथे प्रश्न कोण विचारतो, कोणासमोर विचारतो आणि कोणत्या शब्दांत विचारतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. या लेखातील विवेचन पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतून पुण्यात शिकायला जाणाऱ्या मुलांपुरते आहे. त्याला आधार आहे तो प्रस्तुत लेखकाने विद्यार्थी असताना स्वतः घेतलेल्या अनुभवाचा.

व्याप्ती

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2010 साली राष्ट्रीय पाहणी केली. तिचे लैंगिक कलानुसार निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग यांपैकी काही ना काही आयुष्यात कधीतरी सोसल्याचे समलिंगी पुरुषांपैकी 26 टक्के, उभयलिंगी पुरुषांपैकी 37.3 टक्के आणि भिन्नलिंगी पुरुषांपैकी 29 टक्के जणांनी सांगितले. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे 43.8, 61.1 आणि 35 टक्के होते. ही हिंसा स्त्रियांच्या वाट्याला जास्त येते, हे या आकड्यांतून दिसतेच. पण दोन पुरुषांच्या नात्यात ती नसतेच, किंवा असली तरी किरकोळ असते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

हिंसेचे मूळ दोघांपैकी एकाच्या ताबा गाजवण्याच्या वृत्तीत असते. समलिंगी असण्याने हिंसा जन्मत नाही. समाजाचा तिरस्कार आणि लपवाछपवी यांमुळे तिला पोसणारी जमीन मात्र तयार होते. इलान मेयर या संशोधकाने 2003 मध्ये या सततच्या दडपणाची मांडणी ‘अल्पसंख्य ताण’ या संकल्पनेतून केली. नाकारले जाण्याची धास्ती, ओळख लपवण्याचा थकवा आणि स्वतःबद्दलची घृणा हे थर त्यात येतात. मारणारा आणि मार खाणारा दोघेही या ताणाखाली असतात, म्हणून तो मारहाणीचे समर्थन ठरू शकत नाही. मार खाणाऱ्याला नात्यातून बाहेर पडणे का जड जाते, एवढे मात्र त्यातून कळते.

भोर-वेल्ह्याची पार्श्वभूमी

भोर हे नीरेकाठचे गाव, पंतसचिवांच्या संस्थानाची जुनी राजधानी. पुण्यापासून ते सुमारे 50 किलोमीटरवर आहे. वेल्हे हा तोरणा आणि राजगड यांच्या कुशीतला डोंगरी तालुका. दोन्हीकडे भातशेती, विखुरलेल्या वाड्या आणि भाऊबंदकीचे घट्ट जाळे आहे. दहावी-बारावीनंतर काही मुले शिरवळ किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यांत लागतात, काही पुण्यात शिकायला जातात. पुण्यातला मुक्काम म्हणजे कॉट बेसिसवरची खोली, खाणावळीचा डबा आणि शनिवारी स्वारगेटवरून गावाकडची एसटी.

समलिंगी मुलासाठी या स्थलांतराला दुहेरी अर्थ असतो. गावात त्याला स्वतःसारखा दुसरा कोणी भेटलेला नसतो. ‘बायल्या’, ‘छक्का’ या शिव्यांखेरीज आपल्याबद्दलचा दुसरा शब्दही त्याने ऐकलेला नसतो. पुण्यात मोबाइलवरच्या ॲपमुळे पहिल्यांदा माणसे भेटतात, आणि त्यांतलाच कोणी पहिला जोडीदार होतो. त्यामुळे या नात्याला तुलना नसते. थोरल्या भावाला किंवा मामाला विचारावे, अशी सोय नसते. जोडीदाराने घातलेला नियम म्हणजेच असल्या नात्याची रीत, असे मूल धरून चालते.

प्रस्तुत लेखकाचे बालपण वेल्हे तालुक्यातील एका वाडीत गेले. वाडीत मोबाइलची रेंज एका ठरावीक उंचवट्यावरच मिळायची, आणि मार्गासनीवरून आत येणारी मुक्कामी एसटी हाच बाहेरच्या जगाशी रोजचा संबंध होता. पदवीच्या पहिल्या वर्षी पुण्यात आल्यावर त्याची ओळख वयाने मोठ्या, नोकरी करणाऱ्या एका तरुणाशी झाली. त्या तरुणाने खोलीचे भाडे भरले, चांगले कपडे घेऊन दिले, शहरी बोलणे शिकवले. गावाकडच्या बोलीची चेष्टाही तोच करायचा. ‘तुला माझ्याशिवाय कोण विचारणार आहे?’ हे वाक्य आधी लाडाने आले आणि पुढे धमकी होऊन परत परत येत राहिले.

हिंसेची रूपे

जोडीदाराची हिंसा बहुधा थपडेपासून सुरू होत नाही. आधी पाळत येते. फोनचा पासवर्ड मागितला जातो, व्हॉट्सॲपवर ‘शेवटचे पाहिले’ची वेळ तपासली जाते, वर्गातल्या मित्रांशी बोलणे बंद केले जाते. मग खर्चाचा हिशेब सुरू होतो. भाडे जोडीदार भरत असेल तर घराची किल्लीही त्याच्याच हातात असते. भांडणानंतर रात्री खोलीबाहेर काढलेल्या मुलाला जायला जागा नसते, कारण वसतिगृहात नाव नसते आणि शेवटची एसटी निघून गेलेली असते.

समलिंगी नात्यातील हिंसेचे सर्वांत धारदार हत्यार म्हणजे ओळख उघड करण्याची धमकी. ‘घरी सांगीन’, ‘फोटो गावाच्या ग्रुपवर टाकीन’ या दोन वाक्यांनी मूल जागच्या जागी गोठते. पन्नास-साठ घरांच्या वाडीत एक फोटो पोहोचला तर फटका त्या मुलापुरता राहत नाही. बहिणीचे ठरत आलेले स्थळ मोडते, आईला विहिरीवर टोमणे ऐकावे लागतात. धमकी देणाऱ्याला हे ठाऊक असते. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत ही धमकी एकदाही प्रत्यक्षात आली नाही. केवळ तिच्या धाकाने तो त्या खोलीत राहत होता.

लैंगिक जबरदस्ती हे दुसरे रूप. ‘एकदा हो म्हणालास म्हणजे नेहमीच हो’ असा हक्क गाजवला जातो. निरोध नाकारला जातो, नाही म्हटले की ‘दुसरा कोणी आहे का?’ असा संशय घेतला जातो. अशा प्रसंगानंतर बऱ्याच मुलांना आपल्यावर बलात्कार झाला, असे म्हणवत नाही. पुरुषावर बलात्कार होतो ही कल्पनाच त्यांच्या कानावर आलेली नसते. शरीराने त्या वेळी प्रतिसाद दिला असेल तर गोंधळ आणखी वाढतो. स्पर्शाला शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे, हे वैद्यकशास्त्रात स्पष्ट आहे.

शारीरिक मारहाणीत गळा दाबणे हा प्रकार वेगळा काढून सांगावा लागतो, कारण तो जिवावर बेततो आणि पुष्कळदा त्याचा वळही दिसत नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके दिसणे, क्षणभर शुद्ध हरपणे, त्या वेळी कपड्यांत लघवी होणे ही त्याची लक्षणे. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीला आतून इजा झाली असेल तर पक्षाघात काही तासांनी किंवा काही दिवसांनीही होऊ शकतो. म्हणून गळा दाबल्याचे कळले की वळ असो वा नसो, तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. एकदा गळा दाबणाऱ्या जोडीदाराकडून पुढे जीव जाण्याचा धोका बराच वाढतो, असे स्त्रियांवरील हिंसेच्या अभ्यासांत दिसून आले आहे.

हिंसा ओळखताना दोन समज आड येतात. पहिला समज असा की दोन पुरुषांतली मारहाण म्हणजे मारामारी आणि ती बरोबरीची असते. ओरखडे दोघांच्या अंगावर असले तरी भीती एकाच्याच मनात असते, आणि हिंसा ओळखण्याची खूण ती भीती हीच आहे. दुसरा समज असा की मार खाणारा नाजूक चालीचा असणार. प्रस्तुत लेखक तालमीत वाढलेला, जोडीदारापेक्षा अंगाने भरलेला होता. त्यामुळे मार त्याला बसत असेल, हे पाहणाऱ्याच्या डोक्यातही आले नाही.

जखम दवाखान्यात येते तेव्हा

भुवईवर खोक पडल्यावर प्रस्तुत लेखक प्रथम पुण्यातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेला. सोबत जोडीदारच होता. डॉक्टरांनी टाके घालताना विचारले, ‘कशाने लागलं?’ उत्तर जोडीदाराने दिले, ‘गाडीवरून पडला.’ केसपेपरवर तेच लिहिले गेले. हाताच्या दंडावर बोटांचे जुने, पिवळे पडलेले डाग होते, पण शर्ट काढायला कोणी सांगितले नाही. रुग्णाला एकटे बोलवून विचारण्याची पद्धत त्या विभागात स्त्रियांच्या बाबतीत कदाचित असेल, दोन तरुण पोरांच्या बाबतीत ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

पुढे सुट्टीत गावी असताना बरगडीचे दुखणे वाढले आणि थोरला भाऊ त्याला तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथला कंपाउंडर आईच्या माहेरच्या नात्यातला. बाकावर बसलेल्या निम्म्या लोकांना घरची खबर. नाव मोठ्याने पुकारले गेले आणि दाराचा पडदा उघडाच राहिला. वयस्क, मायाळू डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून विचारले, ‘काय रं, पोरीच्या भानगडीत पडलास का?’ प्रश्नात राग नव्हता, उलट आपुलकी होती. पण त्या प्रश्नाने उत्तर आधीच ठरवून टाकले होते. मुलगी असेल तर बोल, नसेल तर गप्प बस, असा त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागला. भावासमोर ‘नाही डॉक्टर, पडलो’ एवढेच शब्द बाहेर आले.

तालुक्याच्या ठिकाणचा हा पेच एका माणसाच्या चुकीने निर्माण होत नाही. ओळख हीच तिथल्या दवाखान्याची ताकद असते. डॉक्टरांना रुग्णाचे घर, शेत, आजोबांचे दुखणे सगळे ठाऊक असते, म्हणून उपचार नेमका होतो. पण ज्या गोष्टीचा निरोप घरापर्यंत जाऊ नये, तिच्यासाठी हीच ओळख अडसर ठरते. त्यामुळे गोपनीयता पाळण्याचे आश्वासन खेड्यात शहरापेक्षा जास्त मोठ्याने आणि आधी द्यावे लागते. ‘इथलं बोलणं तुझ्या घरच्यांना मी सांगणार नाही’ हे वाक्य तपासणीच्या सुरुवातीलाच उच्चारले गेले पाहिजे.

तिसरा प्रसंग एका सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही तपासणी केंद्रातला आहे. जबरदस्तीनंतरच्या धास्तीने प्रस्तुत लेखक तिथे गेला. समुपदेशकाने दार लावून घेतले, माहिती गुप्त राहते हे सांगितले आणि फॉर्म भरता भरता इतर प्रश्नांच्याच सुरात विचारले, ‘जोडीदार मुलगी आहे, मुलगा आहे, की दोन्ही?’ उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. मग पुढचा प्रश्न आला, ‘त्याची भीती वाटते का?’ कित्येक महिन्यांत कोणाला न सांगितलेली हकीकत त्या खोलीत सांगून झाली. समुपदेशकाने दिलेली पहिली प्रतिक्रिया अशी होती: ‘हे तुमच्यामुळे झालेलं नाही.’ त्यानंतरच त्याने रक्त काढण्याची तयारी केली.

प्रश्न कसा विचारावा

या तीन प्रसंगांत डॉक्टरी ज्ञानाचा फरक फारसा नव्हता. फरक होता तो विचारण्याच्या पद्धतीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये हिंसाग्रस्त स्त्रियांच्या उपचारासाठी जी पुस्तिका काढली, तिच्यात प्रथम आधाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: ऐकणे, गरजा विचारणे, सांगितले त्यावर विश्वास दाखवणे, सुरक्षिततेचा विचार करणे आणि पुढच्या मदतीशी जोडून देणे. पुस्तिका स्त्रियांसाठी असली तरी या पायऱ्या पुरुष रुग्णालाही जशाच्या तशा लागू होतात.

सर्वांत आधी एकांत. सोबत आलेला मित्र, भाऊ किंवा वडील कोणीही असो, ‘तपासणीचा थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा’ असे सर्वच रुग्णांच्या बाबतीत म्हणण्याचा शिरस्ता ठेवला तर कोणालाच संशय येत नाही. वॉर्डातले मामा आणि मावशी यांनाही हा शिरस्ता माहीत असावा लागतो, नाहीतर पडदा सरकवून कोणीतरी आत डोकावतेच.

त्यानंतर शब्द. ‘लग्न झालंय का?’ आणि ‘गर्लफ्रेंड आहे का?’ हे दोन्ही प्रश्न समलिंगी मुलाला गप्प करतात. ‘तुमचं कोणाशी जवळचं नातं आहे का? ती व्यक्ती मुलगा आहे की मुलगी?’ असे विचारायला तेवढाच वेळ लागतो. मारहाणीबद्दल विचारतानाही नेमकेपणा हवा. ‘घरी काही त्रास?’ हा प्रश्न फार मोघम आहे. ‘कोणी तुम्हाला मारतं का? गळा दाबला होता का? नको असताना जबरदस्ती केली का? कोणाला सांगीन अशी धमकी दिली आहे का?’ असे एकेक करून विचारले तर मान हलवूनही उत्तर देता येते. नात्याला नाव देण्याची सक्ती करू नये. ‘म्हणजे तू गे आहेस का?’ या प्रश्नाची उपचाराला गरज नसते.

काही वाक्ये मुळीच बोलू नयेत. ‘पुरुष असून मार खातोस?’ हे पहिले. ‘असली संगत सोडून दे, लग्न कर, सगळं ठीक होईल’ हे दुसरे. लग्नाने समलिंगी कल बदलत नाही, उलट एका मुलीचे आयुष्य त्यात ओढले जाते. कल बदलण्याचे ‘उपचार’ देणे हा तर व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये तसे जाहीर केले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही समलैंगिकता हा आजार नसल्याचे 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द आजारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय 17 मे 1990 रोजीच घेतला होता.

मराठीतून असे बोलणे अवघड आहे, ही सबब टिकणारी नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 पासून 1953 मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना साध्या मराठीत छापील उत्तरे दिली. समलिंगी संबंधांबद्दलच्या शंकाही त्यांत होत्या. 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विज्ञानाच्या आधारे लैंगिक प्रश्नांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दंड भरावा लागला, पण मासिक बंद पडले नाही.

तपासणी, औषधे आणि नोंद

हिंसेची शंका आल्यावर तपासणी डोक्यापासून पायापर्यंत करावी. वेगवेगळ्या रंगांचे डाग, कानामागच्या आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या खुणा, डोक्याला मार लागल्यानंतरची मळमळ किंवा विस्मरण या गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. गुदद्वाराची तपासणी करायची झाल्यास रुग्णाची स्पष्ट परवानगी घ्यावी. ती केवळ इजा पाहण्यासाठी असते. रुग्ण ‘सवयीचा’ आहे का, हे ठरवण्याला वैद्यकीय आधार नाही.

लैंगिक जबरदस्ती झाली असेल तर वेळेला फार महत्त्व आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. त्याआधी एचआयव्हीची तपासणी होते आणि काही आठवड्यांनी पुन्हा केली जाते. सोबत गरमी अर्थात सिफिलिस व इतर गुप्तरोगांची तपासणी आणि कावीळ ‘ब’ची लस यांचाही विचार होतो. 72 तासांची ही मर्यादा खेड्यातल्या मुलाला ठाऊक नसते. शुक्रवारी रात्री घडलेली गोष्ट सोमवारी कॉलेज सुटल्यावर सांगायची ठरवली तर मुदत जवळजवळ संपलेली असते.

नोंद रुग्णाच्या शब्दांत आणि जखमेच्या मोजमापासह करावी. ‘जोडीदाराने मारल्याचे रुग्ण सांगतो’ एवढे वाक्य पुढे न्यायालयात उपयोगी पडते. ‘पडल्याने जखम’ असे लिहिले गेले तर तोच कागद उलटतो. पोलिसांना कळवण्याची वेळ आली तर आधी रुग्णाला समजावून सांगावे. पोलीस तक्रार केली नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये लैंगिक हिंसेच्या वैद्यकीय-कायदेशीर तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत लैंगिक अल्पसंख्याकांच्या गरजांचीही दखल आहे.

कायद्याची स्थिती

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंह जोहर खटल्यात निकाल दिला आणि प्रौढांच्या संमतीने खासगीत होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. त्यामुळे मार खाणाऱ्या तरुणाने आता ‘मीच आत जाईन’ या भीतीने गप्प राहण्याचे कारण नाही. तरी ही भीती भोर-वेल्ह्यात अजून ऐकू येते. धमकी देणारे तिचा वापर करतात.

दुसरीकडे कायद्यात मोठ्या फटी आहेत. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 हा स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहे, पुरुषाला त्याखाली तक्रार करता येत नाही. जुन्या दंडसंहितेच्या कलम 377 खाली 2018 च्या निकालानंतरही संमतीविना केलेले लैंगिक कृत्य गुन्हाच राहिले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम आले नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्री पीडितेपुरती आहे. परिणामी प्रौढ पुरुषावरील लैंगिक अत्याचारासाठी थेट कलम उरलेले नाही. अठरा वर्षांखालील मुलाला मात्र 2012 चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी हा भेद न करता संरक्षण देतो. अकरावी-बारावीतील बहुतेक मुले त्यात मोडतात.

प्रौढाच्या हाती उरतात ती सर्वसाधारण कलमे: दुखापत, डांबून ठेवणे, धमकी, खंडणी. खासगी छायाचित्रे पसरवल्यास किंवा संमतीविना काढल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे 66 ई, 67 आणि 67 ए लागू होऊ शकतात. गोपनीयतेच्या बाजूने कायदा भक्कम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करण्यास मनाई करतो आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. 2017 च्याच एचआयव्ही-एड्स कायद्याने तपासणीसाठी संमती घेणे आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे.

महाविद्यालयांनाही हात झटकता येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेला बळी पडू शकतात, याची नोंद आहे. आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमावलीच्या 2016 च्या दुरुस्तीने लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत आला. ही माहिती विद्यार्थ्यांच्या प्रवेश पुस्तिकेत एका परिच्छेदात छापता येईल.

बाहेर पडण्याची वाट

जोडीदाराला सोडण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून तयारी करून निघणे बरे. कागदपत्रे, गुणपत्रिका, थोडे पैसे आणि औषधे एका पिशवीत तयार ठेवावीत. मेल, बँक आणि व्हॉट्सॲप यांचे पासवर्ड दुसऱ्याच्या फोनवरून बदलावेत. धमकीचे संदेश पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट विश्वासातल्या माणसाकडे ठेवावेत. प्रस्तुत लेखकाने समुपदेशकाच्या सल्ल्याने नेमके हेच केले आणि परीक्षेच्या काळात एका वर्गमित्राच्या खोलीवर मुक्काम हलवला. फोटो पसरवण्याच्या धमक्या त्यानंतर काही आठवडे येत राहिल्या. वकिलाची नोटीस गेल्यावर त्या थांबल्या. घरी ही गोष्ट पुढे त्याने स्वतःच्या वेळेने, आधी थोरल्या भावाला सांगितली. भाऊ बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, ‘त्या दवाखान्यात मी बाहेर बसायला पायजे होतो.’

मदतीच्या जागा आहेत. पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 मध्ये समलिंगी व्यक्तींसाठी काम करू लागला. बिंदुमाधव खिरे यांनी या संस्थेच्या कामातून मराठीत पुस्तके लिहिली आणि हेल्पलाइन चालवली. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे. मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा 14416, एचआयव्हीविषयक माहितीसाठी 1097, तातडीच्या संकटात 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि विधी सेवेसाठी 15100 हे क्रमांक आहेत. दहा ते एकोणीस वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने हिंसाग्रस्त स्त्रियांना रुग्णालयातच आधार देण्याचा नमुना घालून दिला. तशी सोय तालुक्याच्या रुग्णालयांत झाली आणि तिचे दार पुरुष रुग्णांनाही खुले राहिले, तर नवी इमारत किंवा मोठा खर्च लागणार नाही. एक बंद होणारे दार आणि प्रशिक्षित समुपदेशक एवढ्यावर सुरुवात होते.

भोर, वेल्हे, नसरापूर येथील डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांनी आजपासून प्रत्येक तरुण रुग्णाला एकट्याने तपासावे, आणि जोडीदार कोण, हे आधीच गृहीत न धरता विचारावे. मार खाणाऱ्या मुलाने हे ध्यानात ठेवावे की त्याच्यावर गुन्हा नाही, दोष त्याचा नाही, आणि जबरदस्ती झाली असेल तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचे आहे.